नांदूर मधमेश्वर : पाटाला विसरलेले पक्षिवर्णन

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे गाव मराठी गद्यात वर्षातून दोनदा अवतरते. पहिल्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा ते वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर असते आणि त्याच्यापुढे क्युसेकचा आकडा असतो. नांदूर मधमेश्वरमधून आज जायकवाडीकडे इतके पाणी सोडले, हे वाक्य गोदाकाठचा शेतकरी जेवण थांबवून ऐकतो. दुसऱ्यांदा डिसेंबर-जानेवारीत. आता ते रविवारच्या पुरवणीत सरकलेले असते आणि त्याच्यापुढे विशेषणे असतात. पाणपक्ष्यांचे माहेरघर, निसर्गाची मुक्त उधळण, परदेशी पाहुण्यांचे संमेलन, महाराष्ट्राचे भरतपूर.

या दोन गद्यांची एकमेकांशी ओळख नाही. पावसाळ्यातल्या बातमीत पक्षी नसतो आणि हिवाळ्यातल्या लेखात क्युसेक नसतो. जागा मात्र एकच आहे. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गद्यातले सारे सौंदर्य पहिल्या गद्यातल्या व्यवहारातून निर्माण झालेले आहे. आमचा आक्षेप या तुटलेपणावर आहे. आम्ही या परिसरात मराठी शिकवतो. त्यामुळे हा आक्षेप वनखात्याकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे न नेता आम्ही तो मराठी विभागांच्या दारात मांडत आहोत. तुटलेपणा भाषेचा आहे, आणि भाषेची जबाबदारी आपली आहे.

जागा कशी घडली

आधी वस्तुस्थिती. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने दगडी बंधारा घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ पडलेल्या दुष्काळांनी दख्खनची जी दैना केली, तिच्यानंतर सिंचन आयोग नेमला गेला (1901 ते 1903), आणि दुष्काळनिवारक कालव्यांना गती आली. गोदावरीचे कालवे हे त्याच काळाचे अपत्य. नांदूर मधमेश्वरचा बंधारा पाणी साठवण्यासाठी बांधलेला नव्हता. ते वळवण्यासाठी तो बांधला होता. साठा वर, इगतपुरी तालुक्यातल्या दारणा धरणात व्हायचा (ते 1916 साली पूर्ण झाले), आणि तेथून नदीच्या पात्रातून आलेले पाणी या बंधाऱ्यापाशी डाव्या व उजव्या कालव्यात शिरायचे. त्या पाण्यावर येवला, कोपरगाव, राहाता या अवर्षणप्रवण पट्ट्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, आणि ज्याला पुढे सहकाराचे राजकारण म्हटले गेले त्याचा एक मोठा तुकडा या पाटाच्या कडेने वाढला. पुढे याच ठिकाणाहून वैजापूर-गंगापूरकडे जलद कालवाही निघाला.

नदी अडवली की ती गाळ टाकते. या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ गाळ साचत आला. त्याची बेटे झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती वाढल्या, मासे वाढले, आणि पाणपक्ष्यांना हवी असते नेमकी तशी घोटा-गुडघाभर पाण्याची विस्तीर्ण दलदल तयार झाली. 1986 साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राची पहिली पाणथळ जागा म्हणून तिची घोषणा झाली. अभयारण्य म्हणून अधिसूचित क्षेत्र सुमारे 100 चौरस किलोमीटर आहे, तर रामसर यादीतील क्षेत्र 1,437 हेक्टर, म्हणजे 15 चौरस किलोमीटरांहूनही कमी. या दोन आकड्यांमधल्या अंतरात गावे आहेत, शेते आहेत, विहिरी आहेत, माणसे आहेत. पुरवणीतल्या लेखांत ती क्वचितच दिसतात.

थोडक्यात, ज्याला आपण निसर्गाची देणगी म्हणतो तो एका सिंचनयोजनेचा अनपेक्षित परिणाम आहे. अभियंत्याने पाट काढला. गाळाने दलदल केली. दलदलीने पक्षी बोलावले. हा क्रम ठाऊक असताना 'निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली आहे' असे लिहिणे ही काव्यात्मकता नाही. ती कर्त्याला वाक्यातून हाकलण्याची युक्ती आहे.

'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणताना

सलीम अली यांच्या नावावर सांगितले जाणारे हे बिरुद फलकांपासून शालेय निबंधांपर्यंत पोहोचले आहे. बिरुदाला हरकत नाही. ते वापरणाऱ्यांना भरतपूर ठाऊक नसते, याला हरकत आहे. भरतपूरचे केवलादेव उद्यानही माणसानेच घडवलेले. तेथे अठराव्या शतकात बांध घालून पाणी अडवले गेले, आणि पुढे संस्थानिकांनी ती दलदल बदकांच्या शिकारीसाठी राखली. 1982 साली तेथे गुरांना चराईबंदी झाली. त्या संघर्षात गोळीबार होऊन गावकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले ते असे, की म्हशी गेल्यामुळे गवत माजले आणि दलदल गुदमरू लागली. ज्यांना शत्रू मानून बाहेर काढले होते, ती गुरे त्या व्यवस्थेचा भाग होती. 2000 नंतरच्या दशकात पांचना धरणाच्या पाण्यावरून वरच्या भागातील शेतकरी आणि उद्यान यांच्यात तंटा उभा राहिला, आणि पाण्याअभावी उद्यानच धोक्यात आले.

म्हणजे 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही उपमा लेखकांना वाटते त्याहून कितीतरी खरी आहे. फक्त साधर्म्याचा धर्म वेगळा आहे. तो पक्ष्यांच्या संख्येत नाही. पाणी कोणाचे आणि काठ कोणाचा या भांडणात आहे. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांनी निदान एवढे तरी विचारायला हवे, की उपमेय आणि उपमान यांच्यातला समान धर्म नेमका कोणता?

एका गाथेचा धडा

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्याच बिरादरीतले पुष्कळजण म्हणतील, की साहित्य म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे. पहाटेच्या धुक्यात चक्रवाकांची जोडी पाहून ज्याला क्युसेक आठवतो, तो रसिक कसला?

आक्षेप जुना आहे, आणि त्याचे उत्तर त्याहून जुने आहे. हालाची गाथासप्तशती आपण अभिमानाने मराठीच्या पूर्वपरंपरेत मोजतो. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली तिची सटीक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून मराठी विभागांत तिचे नाव न घेता प्राचीन वाङ्मयाचा तास सुरू होत नाही. तिच्यात गोदाकाठ पुन्हा पुन्हा येतो. त्यातली एक गाथा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या पहिल्याच उद्योतात उदाहरणादाखल घेतली, म्हणून ती काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते, की आता खुशाल हिंड. ज्या कुत्र्याला तू भीत होतास त्याला गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने आज मारून टाकले. वाच्यार्थ परवानगीचा, व्यंग्यार्थ मनाईचा. काठावरचा तो निवांत कुंज तिच्या संकेतभेटीची जागा आहे. हा गृहस्थ फुले खुडायला तेथे येतो आणि अडचण होते. म्हणून ती काठावर सिंह बसवते. पुढे महिमभट्टाने या गाथेवरून ध्वनिवाद्यांशी वाद घातला, तो निराळा.

आपण ही गाथा विधी आणि निषेध यांच्या उदाहरणापुरती शिकवतो. ती आणखीही काही शिकवते. नदीकाठचे वर्णन कधीच निरागस नसते. काठावर कोणता प्राणी आहे, हे कोण सांगते, कोणाला सांगते आणि ते ऐकून कोणाने तेथून दूर राहावे अशी अपेक्षा आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या गाथेचा अर्थ लागत नाही. दोन हजार वर्षांच्या परंपरेने गोदाकाठच्या वर्णनाकडे असे संशयाने पाहायला शिकवले असताना, आजच्या गोदाकाठचे वर्णन वाचताना आपण तो संशय कोठे ठेवून येतो? 'येथे दुर्मीळ पक्षी येतात' या वाक्याचाही एक बोलणारा आहे, एक ऐकणारा आहे, आणि एक असा आहे ज्याने आता बाजूला व्हावे असे सुचवले जात आहे. तो बहुधा मासे धरणारा असतो, किंवा काठावर ज्याचे शेत आहे तो. त्याने बाजूला व्हावे की नाही हा वेगळा वाद. कधीकधी पक्ष्यांसाठी त्याने काही सोडणे न्याय्यही असेल. पण व्यंग्यार्थ ऐकूच न येणे हे साहित्याच्या वाचकाला शोभत नाही.

एकच गाळ

यात खरोखर काय पणाला लागले आहे, ते गाळाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची सायखेडा-चांदोरी ही गावे दोन्ही वेळा पाण्यात गेली. बंधाऱ्यामागे गाळ साचल्यामुळे फुगवटा वाढतो, म्हणून गाळ काढा, ही काठच्या शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. आणि पक्ष्यांचे सारे जग त्याच गाळावर उभे आहे. एकाच्या घरात शिरणारे पाणी ज्या गाळाने वर चढते, त्याच गाळात दुसऱ्याचे अन्न आहे. याखेरीज नाशिक शहराचे सांडपाणी याच पात्रातून खाली येते आणि त्यावर पोसलेली पानवेल याच बंधाऱ्याच्या फुगवट्यात पसरते. तिचा त्रास मासेमाराला होतो तसा पाणपक्ष्यालाही होतो.

पाण्याचा तंटा तर आणखी लांबवर पोहोचतो. 2005 साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातील तुटीच्या वर्षी समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. जायकवाडीत 15 ऑक्टोबरला उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असा 2014 च्या आदेशाचा आशय होता. त्यावरून नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा असा वाद न्यायालयापर्यंत गेला. नाशिकच्या धरणांतून सुटलेले ते सारे पाणी नांदूर मधमेश्वरवरूनच खाली उतरते. ऐन हंगामात पाणी सोडायचे की अडवायचे, किती दिवस, किती वेगाने, यावर काठची दलदल उघडी पडते की बुडते हे ठरते. म्हणजे तुमचा चमचा पक्षी आणि चित्रबलाक आज दिसतील की नाही हेही त्यावरच ठरते. मनोऱ्यावर उभा राहून दुर्बीण रोखणारा माणूस प्रत्यक्षात तीन जिल्ह्यांच्या करारनाम्याकडे पाहत असतो. त्याला ते कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्या भाषेत ते दोन शब्द एकत्र येत नाहीत.

केवळ 'अस्पर्श निसर्ग' जाणणाऱ्या गद्याला सायखेड्याचा शेतकरी निसर्गाचा वैरी वाटेल. केवळ 'गाळ काढा' म्हणणाऱ्या गद्याला पक्षी ही शहरी लोकांची चैन वाटेल. दोन्ही गद्ये आमच्या वर्गात बसलेली असतात. पाटकऱ्याच्या घरातला मुलगा असतो, ज्याच्या वडिलांचे शेत अभयारण्याच्या हद्दीत आहे अशी मुलगी असते. आवर्तन, चारी, पोटचारी, पाणीपट्टी, सात नंबरचा अर्ज, टेलचे पाणी हे शब्द या मुलांच्या घरातले आहेत. परीक्षेत 'माझी पक्षी अभयारण्यास भेट' लिहिताना ती हे शब्द वर्गाबाहेर ठेवून येतात आणि 'निसर्गरम्य', 'नयनमनोहर', 'विहंगम' यांची रांग लावतात. त्यांना कोणी तसे बजावलेले नसते. कोणती भाषा साहित्याची आणि कोणती चावडीची, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी आणि गुणदानाने त्यांना न बोलता शिकवलेले असते. स्वतःच्या घरची भाषा स्वतःच्या गावाच्या वर्णनाला अपुरी मानणारा पदवीधर तयार करणे, हे मराठी विभागाचे काम खचितच नाही.

चितमपल्लींचे शिष्यत्व

या ठिकाणी मारुती चितमपल्ली यांचे नाव पुढे केले जाईल, आणि ते योग्यच आहे. 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे आणि जून 2025 मध्ये आपल्यातून गेलेले चितमपल्ली हे मराठी निसर्गलेखनाचे मानदंड होत. परंतु त्यांच्यापासून मराठीने उचलले काय? उचलली ती शब्दकळा. त्यांची पद्धत तशीच पडून राहिली. ते वनाधिकारी होते. जंगल हे त्यांच्यासाठी आधी नोकरीचे, कागदपत्रांचे, माणसांचे ठिकाण होते. त्यांनी संस्कृत ग्रंथ चाळले तितक्याच आदराने वाटाड्यांना, शिकाऱ्यांना, मासेमारांना नावे विचारली. त्यांचा पक्षिकोश अशा विचारण्यातून उभा राहिला. अनुयायांनी 'रानवाटा' वाचल्या आणि रान विचारायचे राहून गेले. परिणामी आज चक्रवाक हा शब्द लेखात येतो तो सुंदर आहे म्हणून. काठावरचा माणूस त्याच पक्ष्याला काय म्हणतो, हे लेखात नसते.

चक्रवाकाचाच दाखला पुढे नेऊ. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी गुरुसूर्याचे जे रूपक आहे, त्यात भेदाच्या नदीच्या दोन थड्यांवर विरहाने आक्रंदणाऱ्या बुद्धी आणि बोध यांना चक्रवाकांची जोडी कल्पिले आहे. सूर्योदय होतो आणि त्यांची भेट होते. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. तो ग्रंथ नेवाशाला, गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी सिद्ध झाला. हिवाळ्यात चक्रवाक आजही या खोऱ्यात उतरतो, आणि लासलगावहून निफाडमार्गे तासाभरात आपण त्याच्यासमोर उभे राहू शकतो. अभयारण्याच्या काठच्या एका गावाचे नाव खाणगाव थडी आहे. ज्ञानदेवांचा शब्द महसूल दप्तरात जिवंत आहे. तरीही 'थडी म्हणजे तीर' अशी तळटीप देऊन आपण पुढे सरकतो. जुन्या मराठीचा याहून चांगला वर्ग कोणत्या ग्रंथालयात भरेल?

तसेच वारकरी. काळ्या देहाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी थव्याने राहतो. त्याला हे नाव देणाऱ्या माणसाने वारीही पाहिली होती आणि पाणीही. एका शब्दात उपमा, निरीक्षण आणि विनोद. असे नाव पुरवणीतल्या पाच परिच्छेदांहून थोर आहे, कारण त्यात पाहणारा आणि त्याचे जग दोन्ही हजर आहेत.

मग करावे काय

केवळ दोष काढून थांबणे सोपे असते, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक : मराठी विभागांनी नांदूर मधमेश्वरला जरूर जावे, पण दोनदा. ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत. एकच जागा दोन ऋतूंत न पाहता केलेले वर्णन हे वर्णन नसून छायाचित्राखालची ओळ असते.

दोन : भेट मनोऱ्यापासून सुरू न करता बंधाऱ्यापासून करावी. कालव्याचे तोंड पाहावे, पाटाच्या कडेने दोन-तीन किलोमीटर चालावे, आणि मग दलदलीकडे वळावे. ज्या क्रमाने जागा घडली त्या क्रमाने ती वाचावी. संहितेच्या बाबतीत आपण हाच आग्रह धरतो.

तीन : प्रत्येक पक्ष्याची तीन नावे लिहून आणावीत : कोशातले, वनखात्याच्या वाटाड्याकडचे, आणि मासेमाराकडचे. जेथे ती जुळत नाहीत तेथे बोलीचा आणि शब्दार्थविज्ञानाचा खरा अभ्यास सुरू होतो.

चार : परतल्यावर विद्यार्थ्यांनी जे लिहायचे त्यात 'निसर्गरम्य' या शब्दाला बंदी असावी, आणि क्रियापदाला कर्ता असणे सक्तीचे असावे. पाणी 'आले' असे न लिहिता ते कोणी सोडले हे लिहावे. दलदल 'निर्माण झाली' असे न लिहिता कशामुळे झाली हे लिहावे. व्याकरणाच्या या एका नियमाने पर्यावरणाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातल्या अनेक नकलून काढलेल्या प्रकल्पांहून अधिक समज येईल.

यातून रसिकता उणावेल अशी भीती वाटण्याचे कारण नाही. व्यंग्यार्थ कळल्याने गाथेतली गंमत कमी होत नाही. ती तेथेच सुरू होते. बंधारा, पाट, गाळ, तंटा हे सारे ठाऊक असलेल्या माणसालाही पहाटे चक्रवाकाची हाक ऐकू येते, आणि त्याला ती दोन्ही थड्यांवरून ऐकू येते. आज मराठीत एक थडी क्युसेक बोलते आणि दुसरी विशेषणे. मध्ये पाणी आहे, आणि ते पाणी कोठून आले हे विचारण्यावाचून ओलांडता येणारे नाही. मराठीचा अध्यापक हे विचारणार नसेल, तर त्याने गोदाकाठच्या सिंहाची गाथाही शिकवू नये. त्या बिचाऱ्या धार्मिक गृहस्थाप्रमाणे तोही सांगितलेला सिंह खरा मानून घरी परतलेला असतो.